ताडोबाचा कोळसा आणि एकलहऱ्याची वीज

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत नाशिक रोड येथे झालेले भाषण. विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून येथे छापत आहोत. – संपादक मंडळ)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘विकास आणि पर्यावरण’ असा विषय छापला आहे. हा विषय प्राध्यापकांचा. मी वीज मंडळातला माणूस. 1981 साली मी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा उतरवून घेण्याच्या खात्यात लागलो आणि 2017 साली तिथूनच निवृत्त झालो. मधल्या काळात, 2005 साली, मंडळाचे तुकडे होऊन कंपन्या झाल्या, पाट्या बदलल्या. पण वॅगनमधून पडणारा कोळसा तोच राहिला. तेव्हा मला जे कळते तेवढ्यावरच बोलतो. विषय लहान करून घेतल्याबद्दल अध्यक्षांनी क्षमा करावी.

या विषयाकडे मला आपल्या अभ्यासिकेतल्या एका विद्यार्थ्याने ढकलले. मागे एकदा मी तिथे ताडोबाच्या जंगलाबद्दल काही बोललो होतो. तो उभा राहिला आणि म्हणाला, “काका, तुम्ही छत्तीस वर्षे कोळसा जाळलात. त्यावर घर बांधलेत, मुले शिकवलीत. आणि आता जंगलाखालचा कोळसा काढू नका म्हणता. मग आम्ही काय अंधारात बसायचे?” मुले हसली. मीही हसलो, पण प्रश्न टोचला. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. आज तो पोरगा समोर बसलेला दिसतो आहे, म्हणून आज देतो.

आधी अंधाराचे बोलू, कारण अंधार काय असतो हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. आमच्या गावात विजेचे खांब आले ते गावठाणापर्यंत आले. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडे. खांब ओढ्याच्या अलीकडेच थांबले आणि पुढची काही वर्षे तिथेच थांबून राहिले. आई चिमणीच्या उजेडात भाकरी थापायची आणि त्याच चिमणीसाठी आम्हा भावंडांची भांडणे व्हायची. दहावीचा अभ्यास मी इथे नाशिक रोडला मामाकडे येऊन केला, कारण मामा रेल्वेत होते आणि त्यांच्या क्वार्टरमध्ये दिवा होता. आपल्यापैकी किती घरांची गोष्ट अशीच आहे! रेल्वे, प्रेस, वीज केंद्र आणि देवळालीची छावणी यांनी आपल्या लोकांना गावकीच्या जोखडातून बाहेर काढले. त्यामुळे जंगलाचे गोडवे गाणारा कोणी जेव्हा म्हणतो की पूर्वीचे साधे जीवन किती छान होते, तेव्हा मला त्याला विचारावेसे वाटते की बाबा, तुझे घर ओढ्याच्या कोणत्या बाजूला होते?

बाबासाहेबांनाही विजेचे महत्त्व पुरते ठाऊक होते. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आपण त्यांच्या त्या कामाबद्दल फार कमी बोलतो. विजेचे खाते त्यांच्याकडेच होते. ऑक्टोबर 1943 मध्ये वीज धोरण समितीच्या बैठकीत अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. वीज नसेल तर कारखानदारी नाही, आणि कारखानदारी नसेल तर गरिबीच्या चक्रातून सुटका नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते धनबादला गेले आणि कोळशाच्या खाणीत स्वतः खाली उतरले. माणसे कशी राबतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे 1944 साली कोळशाच्या दर टनामागे उपकर बसवून खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. म्हणजे वीज हवी आणि तिच्यासाठी कोळसा हवा, हे त्यांनी मान्य केले. आणि त्या कोळशाची किंमत कोण चुकवतो तेही जाऊन पाहिले. यातला दुसरा भाग आपण विसरतो.

आता हिशेब सांगतो. एकलहऱ्याला 1980 च्या आगेमागे उभे राहिलेले 210 मेगावॅटचे तीन संच, मिळून 630 मेगावॅट. त्याआधीचे 1970 च्या सुमाराचे दोन लहान संच होते, ते म्हातारे होऊन बंद झाले. आपल्या देशातला कोळसा हलक्या प्रतीचा, त्यात शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो नुसती राख. असा कोळसा एक युनिट वीज करायला साधारण 700 ग्रॅम लागतो. तीनही संच दिवसभर पूर्ण भाराने चालले तर दीड कोटी युनिट होतात आणि दहा हजार टनांहून अधिक कोळसा जळतो. एका रेकला अठ्ठावन्न-एकोणसाठ वॅगन, म्हणजे साडेतीन ते चार हजार टन. दिवसाला अडीच-तीन रेक. रेक आली की वॅगन टिपलरवर घ्यायची, टिपलर अख्खी वॅगन उचलून उलटी करतो, कोळसा खाली पडतो, बेल्टवरून क्रशरला, क्रशरमधून बंकरला, तिथून मिलमध्ये पिठासारखा दळून बॉयलरमध्ये. आणि जळून झाल्यावर तीन-चार हजार टन राख, रोजची. राखेचा बंधारा तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. उन्हाळ्यात वारा सुटला की दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागतात, हे भगिनींना सांगायला नको.

त्या कोळशात दगड येत. ते वेचायचे काम असे. एकदा बेल्टवरून काढलेल्या एका चपट्या काळ्या दगडावर मला पानाचा ठसा दिसला. जिभेसारखे लांबट पान, मधोमध जाड शीर. मी तो धुऊन घरी नेला. पुढे भूगोलाच्या एका सरांना दाखवला तेव्हा त्यांनी सांगितले की या वनस्पतीला ग्लॉसॉप्टेरिस म्हणतात, तिच्या नावाचा अर्थही जिभेसारखा पाला असाच आहे, आणि हे पान पंचवीस कोटी वर्षांहून जुने आहे. कोळशाच्या ज्या थरात ती सापडते त्या थरांना साऱ्या जगातले भूशास्त्रज्ञ ‘गोंडवाना’ म्हणतात. गोंडांचा प्रदेश, म्हणून गोंडवाना. तो दगड मी आज आणला आहे. सभा संपल्यावर मुलांनी जरूर हातात घेऊन पाहावा.

आमच्याकडे येणाऱ्या कोळशाचा मोठा भाग विदर्भातून, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींतून येत असे. वणी, बल्लारपूर, चंद्रपूर, माजरी ही नावे आम्हाला तोंडपाठ. ही वर्धा खोऱ्याची कोळशाची पट्टी. आणि त्याच पट्टीच्या शेजारी, काही ठिकाणी तिच्याच माथ्यावर, चंद्रपूरचे जंगल उभे आहे. त्यात ताडोबा.

ताडोबा हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचे. क्षेत्र 116 चौरस किलोमीटर. 1986 साली त्याला लागून अंधारी अभयारण्य झाले, 1995 साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. गाभ्याचे क्षेत्र 625 चौरस किलोमीटर, आणि 2010 साली भोवती सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचा बफर जाहीर झाला. नाव पडले ते तारू या गोंडांच्या दैवतावरून. तळ्याकाठी त्याचे ठाणे आहे. आणि गंमत पाहा, या जंगलातल्या एका जुन्या गावाचे नावच ‘कोळसा’ आहे. वन खात्याचे एक परिक्षेत्रही त्याच नावाने ओळखले जाते. आता त्या गावातली पुष्कळ कुटुंबे तिथे नाहीत. वाघासाठी जागा मोकळी करायची म्हणून बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी अशा गावांतील लोकांचे 2007 नंतरच्या काळात पुनर्वसन झाले. ज्यांच्या नावाने साऱ्या जगात कोळशाचे थर ओळखले जातात, त्यांच्याच घरांना जंगल राखण्यासाठी उठावे लागले. ही गोष्ट मनात ठेवा. मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

या जंगलाच्या बाजूला, लोहारा नावाच्या ठिकाणी, कोळशाचे पट्टे एका मोठ्या खाजगी वीज प्रकल्पाला देण्यात आले होते. प्रकल्प गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला, अदानी पॉवरचा. खाण ताडोबाच्या गाभ्यात नव्हती, पण वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर होती. 2009 साली चंद्रपुरात मोठे आंदोलन झाले, इको-प्रो संस्थेचे बंडू धोत्रे यांनी दीर्घ उपोषण केले. शेवटी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने, जयराम रमेश मंत्री असताना, त्या खाणीची वाट बंद केली. 2010 साली तर देशातल्या नऊ कोळसा क्षेत्रांचे नकाशे तपासून कुठे खाणी चालतील आणि कुठे मुळीच चालणार नाहीत अशी वर्गवारी मांडली गेली. त्या नऊंत आपले वर्धा खोरे होते. ती वर्गवारी फार काळ टिकली नाही, दिल्लीतल्या खात्याखात्यांच्या ओढाताणीत ती बाजूला पडली.

आता मुद्द्याचे बोलतो. लोहाऱ्याचा कोळसा मिळाला नाही म्हणून तिरोड्याचा प्रकल्प बुडाला का? नाही. 3,300 मेगावॅटचा तो प्रकल्प 2014 पर्यंत पूर्ण उभा राहिला, दुसरीकडच्या कोळशावर चालला. तेव्हा ‘ही खाण नाही तर अंधार’ असे जे सांगितले जाते, ते खरे नव्हते. पण दुसरी बाजूही मी लपवणार नाही. दुसरीकडचा कोळसा महाग पडला, म्हणून भरपाईचा दावा वीज नियामक आयोगापुढे आणि न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला. अशा भरपाईचे पैसे फिरून फिरून कुणाकडे येतात? तुमच्या-माझ्या बिलात. जंगल वाचवणे फुकट होत नाही. जो कार्यकर्ता तसे सांगतो तो लोकांना फसवतो, आणि बिल आले की लोक त्याच्याकडे पाठ फिरवतात. माझे म्हणणे असे की युनिटमागे काही पैसे जास्त गेले तर ते द्यावेत, फक्त ते कशासाठी गेले हे बिलावर स्पष्ट छापावे.

दुसरी गोष्ट बंदर गावाची, चिमूर तालुक्यातली. ताडोबातून उमरेड-कऱ्हांडल्याकडे वाघ ज्या जंगलपट्ट्यातून जातात, त्यात हा कोळशाचा पट्टा. पूर्वी एकदा तो देण्याचा विचार होऊन अडला होता. जून 2020 मध्ये केंद्राने 41 खाणपट्टे लिलावाला काढले, त्यात बंदर पुन्हा हजर! सगळा देश टाळेबंदीत घरात बसलेला. राज्याच्या तेव्हाच्या पर्यावरण मंत्र्यांनी विरोधाचे पत्र लिहिले, चंद्रपूर-नागपूरकडे ओरड झाली, तेव्हा काही आठवड्यांत तो यादीतून वगळला गेला. यातून मला एक गोष्ट कळली. खाणीला ‘नाही’ दर वेळी नव्याने म्हणावे लागते, दहा वेळा नाही म्हटले तरी अकराव्या वेळी फाईल येते. ‘हो’ मात्र एकदाच म्हणावे लागते. एकदा खणले की पुन्हा फाईलच येत नाही, कारण उरतच नाही काही.

काय होते ते सांगतो, कारण उघडी खाण मी माजरीकडे जाऊन पाहिली आहे. आधी झाडे जातात. मग वरची माती, जिला तयार व्हायला हजारो वर्षे लागली. मग कोळशावरचा दगड-मुरूम सुरुंग लावून फोडतात आणि शेजारी ओततात. त्याचे डोंगर होतात, टेकडीएवढे, पावसाळ्यात ते नदीकडे वाहतात. खड्डा खोल गेला की आजूबाजूच्या विहिरींचे पाणी खड्ड्याकडे ओढले जाते. ते पंपाने उपसून फेकतात. चंद्रपूरजवळच्या गावांत विहीर आटली आणि घर हादरले या दोन तक्रारी तुम्हाला कुठेही ऐकू येतील. खाण संपल्यावर त्या ढिगांवर रोपे लावतात. मी ती रोपवनेही पाहिली. एका ओळीत, एका उंचीची झाडे. सावली आहे, नाही असे नाही. पण त्याला जंगल म्हणायचे, तर आमच्या राखेच्या बंधाऱ्याला सरोवर म्हणावे लागेल.

नोकऱ्यांचे काय, असे विचारले जाते. हा प्रश्न योग्यच आहे. जमीन गेलेल्याला कोळसा कंपनीत नोकरी मिळते, ती चांगली नोकरी असते, आपल्या समाजातल्या कित्येक घरांची चूल तिच्यावर पेटली. पण पूर्वीच्या भुयारी खाणीत जेवढे हात लागत, तेवढे उघड्या खाणीत लागत नाहीत. तिथे मोठे शॉव्हेल आणि डंपर काम करतात, आणि त्यातलेही पुष्कळ ठेकेदाराचे. गोंड पोराच्या वाट्याला येते ती ठेकेदाराकडची हंगामी हजेरी.

आणि वर्षे किती? हिशेबासाठी धरू की एखाद्या जंगलाखाली दहा कोटी टन कोळसा सापडला. आकडा ऐकून डोळे दिपतात. पण एकटे आपले एकलहरे पूर्ण भाराने चालले तर वर्षाला सदतीस-अडतीस लाख टन खाते. म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांत तो साठा संपला. माझी नोकरी छत्तीस वर्षांची. माझ्या एका नोकरीलासुद्धा ते जंगल पुरले नसते, आणि एकलहरे हे आजच्या मानाने लहान केंद्र आहे. वरोऱ्याला इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात कोळशाची खाण सुरू केली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे नेली. 1906 च्या सुमाराला ती खाण बंद झाली. खाण कोणती होती हे आज गावातल्या किती जणांना सांगता येईल?

उलट, न काढलेला कोळसा नासत नाही. धान्यासारखी त्याला कीड लागत नाही. पंचवीस कोटी वर्षे तो तिथे आहे, आणखी पन्नास वर्षे राहिला तर बिघडत नाही. आपल्या नातवंडांना खरोखरच गरज पडली आणि तेव्हा त्यांना दुसरा उपाय दिसला नाही, तर ती काढतील. तो निर्णय त्यांच्यासाठी शिल्लक राहतो. आपण खणले तर त्यांचाही निर्णय आपणच करून टाकला.

हा वाद फक्त आपल्याकडे आहे असे समजू नका. अमेरिकेत अलास्काच्या उत्तर टोकाला एक वन्यजीव अभयारण्य 1960 साली राखले गेले. त्यातल्या किनाऱ्याच्या 15 लाख एकरांखाली खनिज तेल आहे असे मानतात. कॅरिबू नावाच्या हरणांचे कळप तिथे वितात, ग्विचिन आदिवासी त्या कळपांवर जगतात. चाळीस वर्षे तिथल्या संसदेत भांडण चालले. 2017 साली कायदा करून लिलाव करायचे ठरले. जानेवारी 2021 मध्ये लिलाव झाला तर मोठ्या तेल कंपन्या फिरकल्याच नाहीत, बहुतेक पट्टे अलास्काच्याच एका सरकारी महामंडळाने घेतले. जानेवारी 2025 मध्ये दुसरा लिलाव काढला, त्यात एकही बोली आली नाही. तरी 2025 मध्येच तिथल्या नव्या सरकारने ते क्षेत्र पुन्हा उघडायचे ठरवले. म्हणजे अकराव्या वेळची फाईल तिकडेही आहे!

तेलाचेच आपल्या देशातले उदाहरण हवे तर आसामात बागजानचे घ्या. दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाच्या शेजारी ऑइल इंडियाची विहीर. मे 2020 मध्ये ती फुटली, जूनमध्ये पेटली, आग विझवणारे दोघे जण दगावले, हजारो लोक छावण्यांत गेले आणि आग पूर्ण आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला. उद्यानाच्या सीमेबाहेर आहे म्हणून परवानगी दिलेली असते. आग आणि तेलाचा तवंग सीमा विचारत नाहीत. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांच्या आत आणि सीमेपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकाम चालणार नाही असे सांगितले, ते चांगलेच झाले. पण लोहारा आणि बंदर यांचा प्रश्न त्या एका किलोमीटरच्या पलीकडचा आहे.

मला सर्वांत जास्त आवडले ते इक्वेडोरचे. लहान, गरीब, कर्जात बुडालेला देश. यासुनी राष्ट्रीय उद्यानातून तेल निघत होते, त्यावर सरकारचा पैसा येत होता. ऑगस्ट 2023 मध्ये त्यांनी सरळ लोकांनाच विचारले, मतदान घेतले. शंभरातल्या एकोणसाठ जणांनी सांगितले की तेल जमिनीतच राहू द्या. चंद्रपूर जिल्ह्यात असे मतदान घेतले तर काय होईल? खरे सांगतो, मला खात्री नाही. कारण तिथल्या माणसाला वाघ फोटोत भेटत नाही. 2022 या एका वर्षात त्या जिल्ह्यात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत पन्नासच्या आसपास माणसे गेली. कोण होती ती? तेंदूपाने वेचायला गेलेली, मोहाला गेलेली, गुरे राखणारी. गोंड, कोळी, आणि आपलेही लोक. जंगल वाचवल्याचा आनंद पुण्या-मुंबईला आणि सरण चिमूर-मूल-सिंदेवाहीला, असे असेल तर ते लोक खाणवाल्याच्या बाजूने उभे राहतील, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. म्हणून मघाशी गोंडांची घरे उठली ते लक्षात ठेवायला सांगितले. ज्या कायद्याने जंगलातल्या माणसाला बाहेर काढले, तोच कायदा कोळशाच्या कंपनीसमोर वाकला तर त्या माणसाने काय समजावे? तुझ्या चुलीच्या सरपणाने वाघाला त्रास होतो, पण सुरुंगाने होत नाही? 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला शब्द दिला आहे. तो शब्द पाळून मग जंगल राखा, तर जंगल राहील.

आणि नियम सर्वांना सारखा म्हटल्यावर तो आपल्यालाही लागू. चिमूर तालुक्यातल्या रामदेगीला, संघारामगिरीवर, दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस आपले उपासक मोठ्या संख्येने जातात. जागा ताडोबाच्या जंगलातली. खाणीचा हक्क आणि उपासनेचा हक्क एका तराजूत घालू नये, हे मान्य. पण तिथे भोंगा किती वाजवायचा, गाड्या कुठपर्यंत न्यायच्या, पत्रावळी आणि प्लास्टिक कुठे टाकायचे, हे आपण आपणहून ठरवले तर खाण अडवताना आपला आवाज स्वच्छ राहील. हे वाक्य काहींना आवडणार नाही. तरी ते स्मरणिकेत जसेच्या तसे छापावे अशी संपादकांना विनंती आहे.

आता त्या विद्यार्थ्याचा अंधार. बाळा, तू रात्री पाच तास चाळीस वॅटचा दिवा लावून अभ्यास करतोस असे धरले, तर एक पंचमांश युनिट होते. त्याला माझ्या बेल्टवरचा 140 ग्रॅम कोळसा पुरतो. आता तुझ्या खोलीत नऊ वॅटचा एलईडी आहे, त्याला तीस ग्रॅम. चिमटीत मावेल एवढा! तुझ्या अभ्यासासाठी ताडोबा खणावा लागत नाही, हे मी तुला छत्तीस वर्षांच्या अनुभवावर लिहून देतो. देशात तयार झालेल्या शंभर युनिटमधली पंधराच्या आसपास गळती, चोरी आणि न वसूल झालेली बिले यांत जातात. सूर्याची वीज मोठ्या प्रकल्पांतून तीन रुपयांच्या आसपास मिळू लागली आहे. महाराष्ट्रात 2017 पासून शेतीचे पंप दिवसा सौर विजेवर चालवण्याची योजना सुरू झाली. रात्रीचा प्रश्न राहतो, तो खोटा नाही; संध्याकाळी सात वाजता सूर्य नसतो आणि सगळा महाराष्ट्र त्याच वेळी दिवे लावतो. त्यासाठी कोळशाची केंद्रे अजून बरीच वर्षे लागतील. लागोत. आज चालू असलेल्या खाणींचा कोळसा त्यांना द्या. मी कोळसा बंद करा म्हणत नाही. माझ्या भाकरीशी एवढा बेइमान मी होणार नाही. राखलेल्या जंगलाखालचा कोळसा सर्वांत शेवटी, आणि तोही नातवंडांनी ठरवला तर, एवढेच म्हणतो.

हे मला कुणी शिकवले? इथून आठ-दहा किलोमीटरवर, त्रिरश्मी लेण्यांत, दहाव्या लेण्यात एक शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दुसऱ्या शतकात भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापणांची ठेव ठेवली. कुठे ठेवली? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने; एक हजार दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण व्याजाने. लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण. तुम्ही गणित करून पाहा. दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, आणि वीस बारे दोनशे चाळीस. पैशाला पैसा जुळतो! या ठेवीला लेखात ‘अक्षयनीवी’ म्हटले आहे. मुद्दल परत मागायचे नाही, मोडायचे नाही, फक्त व्याज भोगायचे, असे स्पष्ट कोरून ठेवले आहे. आणि हा व्यवहार चारचौघांत, नगराच्या सभेत वाचून दाखवून नोंदवला, तेही कोरले आहे. आज खाणीसाठी जनसुनावणी घेतात ना, तसे. फरक एवढाच की तिथे लपवण्यासारखे काही नव्हते.

ताडोबाचा मोह, तेंदू, बांबू, तिथून निघणारे पाणी, मोहर्लीला गाईड झालेली गावची पोरे, हे सगळे व्याज. ते ज्यांचे आहे त्यांना पुरते मिळावे. कोळशासाठी जंगल खणणे म्हणजे मुद्दल मोडणे.

वेळ झाली आहे, अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत. येत्या रविवारी सकाळी सात वाजता अभ्यासिकेची मुले तो शिलालेख वाचायला त्रिरश्मीला जाणार आहेत. बिटको चौकात जमायचे आहे. लिपी जाणणारे एक गृहस्थ बरोबर येणार आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी नावे द्यावीत, डबा आणि पाण्याची बाटली घरून आणावी. आणि तो पानाचा दगड या टेबलावर ठेवतो आहे. पाहून झाल्यावर तिथेच ठेवावा, खिशात घालू नये.

जयभीम.